सोनकांबळे सरांचा जानेवारी

सोनकांबळे सरांचा वाढदिवस एक जूनला असे. आमच्या हैदराबादच्या ऑफिसात एक जूनवाले चार जण होते आणि त्या दिवशी कँटीनमध्ये चौघांत मिळून एकच केक कापला जाई. चौघांपैकी एकाचाही जन्म एक जूनचा नव्हता. गावाकडच्या शाळेत नाव घालताना पोरगं सहा वर्षांचं दिसतंय एवढं बघायचं आणि गुरुजींनी एक जून लिहून मोकळं व्हायचं, ही त्या काळची रीत. मी सरांना एकदा खरी तारीख विचारली होती. ते म्हणाले, "माय सांगायची, ज्वारी काढायच्या टायमाला झालास. आता ज्वारी काय कॅलेंडर बघून पिकतीय का?"

अशा अंदाजाच्या तारखेवर हा माणूस केंद्र सरकारात चौतीस वर्षं नोकरी करून गेला. आणि त्यातली तेवीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या नोंदी बिनचूक ठेवण्यात घालवली. मी कामाच्या बाबतीत आणखी कुणाला इतकं मानत नाही. त्यांच्यावर माझा अजून रागही आहे, तो का ते पुढे येईलच.

सर देगलूरकडचे. वडील रेल्वेत गँगमन होते. उंची बेताची, शर्टाच्या खिशात दोन निळी पेनं आणि फाइल बांधायच्या पांढऱ्या नाड्यांची एक गुंडाळी. टेबलाच्या काचेखाली निळ्या कोटातला फोटो, त्याच्या शेजारी सुट्ट्यांची यादी. नारायणगुड्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचे आणि तिथून कोठीच्या आमच्या ऑफिसात चालत यायचे. जामबागच्या कोपऱ्यावर थांबून रस्त्यातल्या दुकानदाराशी तेलुगूत, ऑफिसच्या दारातल्या गार्डशी दखनी उर्दूत आणि माझ्याशी मराठीत, असं दहा वाजेपर्यंत त्यांचं तीन भाषांत बोलून झालेलं असे.

मी पुण्याची. देशभराची परीक्षा देऊन नोकरी लागली आणि नेमणूक आली हैदराबादला. आईला दिल्ली हवी होती, मला पुणे हवं होतं, सरकारला काहीच विचारायचं नव्हतं. तारनाक्याला चुलतभावाच्या घरी पेटी टाकली आणि दुसऱ्या दिवशी आस्थापना शाखेत, म्हणजे जिथे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका, बदल्या, रजा असं सगळं बघतात तिथे, सरांसमोर जाऊन उभी राहिले. वर्षभरात बदली करून घ्यायची, हे मनात पक्कं होतं.

सरांनी कपाटातून एक कोरं पुस्तक काढलं. सर्व्हिस बुक. सरकारी माणसाची सगळी नोकरी या एका पुस्तकात असते. नाव, जन्मतारीख, अंगावरची खूण, डाव्या हाताच्या बोटांचे ठसे, घरात कोण कोण, रजा किती घेतली, बढती कधी मिळाली, शिक्षा काय झाली. त्यांनी माझ्या बोटांना शाई लावली आणि एकेक बोट स्वतः धरून कागदावर फिरवलं. मग वारसाचा फॉर्म पुढे सरकवला. मी हसले. म्हटलं, "सर, मी चोवीस वर्षांची आहे. हे नंतर भरते."

"नंतर म्हणजे कधी?"

"लग्न वगैरे झाल्यावर."

"तवा नवीन भरू. आज आईचं नाव लिहा." मी लिहीपर्यंत ते पेनाचं टोपण हातात धरून बसले. मग पहिल्या पानापासून सगळं मोठ्यानं वाचायला लावलं. मी डोळे फिरवून "बरोबर आहे" म्हटलं, तर म्हणाले, "मॅडम, वाचायलात का नुसतं बघायलात?"

हे वाक्य पुढे मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. नियम असा आहे की दर वर्षी कर्मचाऱ्याला त्याचं पुस्तक दाखवायचं आणि 'पाहिले, बरोबर आहे' अशी सही घ्यायची. बहुतेक ऑफिसांत हे काम असं चालतं: शेवटचं पान उघडायचं, बोट ठेवायचं, सही. सर तसं करत नसत. जानेवारी लागला की ते रोज पाच माणसं बोलावत. समोर खुर्ची, हातात चहा, आणि पहिल्या पानापासून वाचन. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला तेलुगूत नाहीतर दखनीत सांगत. पूर्ण महिना जाई. लोक चिडत, चेष्टा करत. शेजारच्या टेबलावरचा श्रीनिवास, सरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण ऑफिसातल्या सगळ्या वाटा माहीत असलेला माणूस, दर वर्षी म्हणायचा, "साब का पारायण शुरू हो गया. अब फरवरी तक मोक्ष नहीं मिलता."

सरांना त्याचं काही वाटायचं नाही. एकदाच, मी फारच कुरकुर केली तेव्हा, त्यांनी कारण सांगितलं. "माझ्या बापानं तीस वर्षं अंगठा लावला, माय. कशावर लावायलो, कुणी सांगितलं नाही. त्यानंबी कुणाला विचारलं नाही." एवढं सांगून ते पुढच्या माणसाचं पुस्तक काढायला उठले. मला त्या दिवसापासून ते 'मॅडम'ऐवजी 'माय' म्हणू लागले.

सरांना एक गोष्ट मनापासून हवी होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. त्यांना राजपत्रित अधिकारी व्हायचं होतं. लिपिक म्हणून लागले, खात्याच्या परीक्षा दिल्या, पायरी पायरीने वर आले, आता शेवटची एक पायरी उरली होती. शाळा सोडल्यावर दाखल्यांच्या नकलांवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची. त्या सहीसाठी सर तीन दिवस एका साहेबाच्या बंगल्याबाहेर उभे राहिले होते. चौथ्या दिवशी साहेबाने न बघता सही करून कागद शिपायाच्या हाती बाहेर पाठवले. हिरव्या शाईची सही. "मला वाटलं, आपण साहेब झालो तर माणसाला आत बोलवायचं. खुर्ची द्यायची. मग सही करायची." आता नकलांवर अशी सही कुणाला लागत नाही, ज्याची त्यानेच केलेली चालते. हे मी त्यांना सांगितलं. "ठाऊक आहे की मला," ते म्हणाले. त्यांच्या खणात हिरव्या शाईचं एक पेन होतं, डबीतलं, न उघडलेलं. अधिकार नसताना ते कागदाला लावायचं नाही म्हणून त्यांनी ते कधी चालवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

मला अभ्यासाला बसवणारेही तेच. खात्याच्या परीक्षेची त्यांची हस्तलिखित टिपणं त्यांनी मला दिली आणि दर शनिवारी प्रश्न विचारले. बदलीचा अर्ज मी टाईप करून ठेवला होता, तो पहिल्या वर्षी राहिला, दुसऱ्या वर्षी मी तो फाडला.

आता यादय्याबद्दल. यादय्या आमचा शिपाई, मेदककडच्या एका खेड्यातला. चाळिशी उलटली तरी लग्न झालेलं नव्हतं आणि आता होणार नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. एका मे महिन्यात तो आठ दिवस रजा घेऊन गेला आणि परत आला तो बुंदीच्या लाडवांचा डबा घेऊन. गावच्या देवळात लग्न लागलं होतं. बायकोचं नाव लक्ष्मम्मा. कान लाल करून तो टेबलाटेबलाशी लाडू वाटत फिरला. सरांनी दोन खाल्ले. लग्नाचा दाखला आण, म्हणून सांगितलं. यादय्या म्हणाला, पंचायतीतून काढावा लागेल, आणतो. सर म्हणाले, "ठीक है. जनवरी में तेरा किताब पढेंगे ना, तब चढ़ा देंगे."

त्या जानेवारीत दिल्लीहून तपासणीचं पथक यायचं ठरलं. आमच्या उपसंचालकांनी फर्मान काढलं की सगळ्या सर्व्हिस बुकांवर सह्या दोन दिवसांत पूर्ण हव्यात. शंभराच्या वर पुस्तकं होती. सर आत जाऊन बोलून आले, उपयोग झाला नाही. मग एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी वाचन सोडलं. पुस्तकं यादय्याच्या हातावर रचली आणि दोघं टेबलाटेबलाशी गेले. शेवटचं पान, बोट, सही. संध्याकाळी ढीग संपला तेव्हा सर थकून खुर्चीत बसले होते. मी समोरच होते. त्यांना एकदम आठवलं, "अरे, तेरा तो रह गया." यादय्याने ढीग खाली ठेवला, आपलं पुस्तक त्यातून स्वतःच काढलं आणि उभ्या उभ्या सही केली.

"कुछ नया तो नहीं ना?" सरांनी विचारलं.

"नया क्या रहता साब," यादय्या म्हणाला आणि चहाचे कप गोळा करायला गेला.

लाडू आम्ही सगळ्यांनी खाल्ले होते, मीसुद्धा. त्या क्षणी ते ना त्याला आठवलं, ना सरांना, ना मला.

एप्रिलमध्ये यादय्या बसस्टॉपवर कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

नोकरीत असताना माणूस गेला तर घरातल्या एकाला अनुकंपेवर नोकरी देता येते. लक्ष्मम्मा अर्ज घेऊन आली तेव्हा मी तिला पहिल्यांदा पाहिलं. तीस-बत्तीसची, सावळी, बोलायच्या आधी पदर सारखा करणारी. तिला लिहिता येत नव्हतं. शिपायाच्या विधवेला शिक्षणाची अट सोडता येते, तशी सोय आहे. अर्ज सरांनी लिहिला, कागद सरांनी जमवले. पंचायतीचा लग्नाचा दाखला आला, तहसीलचा वारस दाखला आला. फाइल दिल्लीला गेली आणि परत आली.

वरच्या ऑफिसाने लिहिलं होतं की मयत कर्मचाऱ्याच्या सर्व्हिस बुकात 'अविवाहित' अशी नोंद आहे. मृत्यूच्या तीन महिने आधी त्याने स्वतः सही करून ती बरोबर असल्याचं सांगितलं आहे. जोडलेले दाखले सगळे त्याच्या मृत्यूनंतर काढलेले आहेत. सबब अर्जदार ही त्याची पत्नी असल्याचं मानता येत नाही.

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. नंतर कपाटातून यादय्याचं पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं आणि त्या सहीवर बोट ठेवलं. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

पुढे पत्रामागून पत्रं गेली आणि तेच उत्तर येत राहिलं. असं वर्ष उलटलं. लक्ष्मम्मा महिन्या-दोन महिन्यांनी यायची. जिन्याजवळ भिंतीला टेकून बसायची. तिचा दीर तिला म्हणत होता की सरकारच्या कागदावर तू बायको नाहीस, मग या घरात कोण म्हणून राहतेस. हे ती सरांना तेलुगूत हळू सांगत होती आणि सर ते ऐकताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

श्रीनिवासने वाट सुचवली. दार लावून घेतलं आणि म्हणाला, "साब, एंट्री के पन्ने पे जगह खाली है. एक लाइन डाल दो, शादी हुई बोलके, पिच्छली तारीख में. कौन देखता? दिल्लीवाले तो खुद बोल रहे, किताब में दिखाओ." मला ते पटलं. हे मी लपवत नाही. मी म्हटलं, "सर, खरं तेच तर लिहायचंय. लग्न झालंच होतं ना? तारखेचं काय एवढं?"

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "तेवीस वर्षं मी लोकांना सांगायलो, ह्या पुस्तकात लिहिलंय ते खरं. आता मीच त्यात खोटं घालू?"

"मग तिचं काय?"

"तिचंच करायलो."

त्यांनी फाइल ओढली आणि लिहायला घेतलं. टिपण इंग्रजीत होतं, मराठीत सांगायचं तर इतकंच: 'जानेवारीतली सही मी घेतली. कर्मचाऱ्याला पुस्तक दाखवलं नाही, वाचून दाखवलं नाही. त्याचं लग्न झाल्याचं मला माहीत होतं आणि नोंद करण्याचं मी कबूल केलं होतं. नोंद राहिली ती माझ्या चुकीने. त्या सहीवरून अर्जदाराविरुद्ध निष्कर्ष काढू नये.' खाली सही, पूर्ण नाव, तारीख.

बढतीची यादी महिन्याभरात लागणार होती. सरांचं नाव तिच्यात दुसरं होतं, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. निवृत्तीला सात महिने उरले होते, म्हणजे ही शेवटचीच यादी. श्रीनिवास कधी नव्हे तो कळवळून बोलला, "साब, एक महीना रुक जाओ. लिस्ट लगने दो, फिर लिखो. कायकू अपने हाथ से अपना गला?"

"यादी लागली की मग मी म्हणन, रिटायर होऊ दे मग लिहितो," सर म्हणाले. त्यांनी फाइलला नाडी बांधली आणि स्वतः नेऊन आत दिली. यादय्याच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं.

मला त्यांचा भयंकर राग आला. एक महिना. चौतीस वर्षांपुढे एक महिना म्हणजे काय? लक्ष्मम्मा दीड वर्ष थांबली होती, आणखी एक महिना थांबली असती. मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी जिन्यात लक्ष्मम्मा दिसली. दिराने पेटी बाहेर ठेवली म्हणून ती पेटी घेऊनच आली होती. ती पेटी मी उचलून आत आणली. त्यानंतर मी सरांना काही बोलले नाही, पण राग गेला म्हणावं तर तोही गेला नाही.

पुढे नियमाप्रमाणे सगळं झालं. सरांना आरोपपत्र मिळालं. त्यांनी एका ओळीत कबुली दिली. चौकशी चालू असलेल्या माणसाच्या बढतीचा निर्णय बंद पाकिटात ठेवतात, तसा त्यांचाही ठेवला गेला. यादी लागली, त्यांच्या खालची तिघं साहेब झाली. त्या तिघांना पेढे सरांनीच दिले. मार्चमध्ये शिक्षेचा हुकूम आला: ठपका. लहानशीच शिक्षा, पण त्यामुळे पाकीट न उघडताच फाइलला लागलं आणि बढती गेली.

ठपक्याची नोंद सर्व्हिस बुकात करावी लागते आणि खाली त्या माणसाची सही घ्यावी लागते. सरांचं पुस्तक सरांना स्वतः हाताळता येत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी नोंद केली, पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

सर हात बांधून बसून राहिले. "मोठ्यानं, माय."

"सर, तुम्हाला माहीत आहे काय लिहिलंय ते."

"वाचायलात का नुसतं बघायलात?"

मी पहिल्या पानापासून वाचलं. जन्मतारीख एक जून. डाव्या भुवईवर व्रण. लिपिक म्हणून रुजू. परीक्षा उत्तीर्ण. सेवा समाधानकारक, सेवा समाधानकारक, वर्षामागून वर्षं तेच. शेवटच्या नोंदीशी आले आणि थांबले. श्रीनिवास उठून बाहेर गेला. सरांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि वाट पाहिली. मी वाचलं. त्यांनी मान हलवली, "बरोबर आहे," म्हणाले आणि निळ्या पेनाने सही केली.

लक्ष्मम्माच्या नेमणुकीचा हुकूम मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आला. त्यात सरांच्या टिपणाचा क्रमांक आणि तारीख होती, नाव नव्हतं.

पहिल्या तारखेचा जन्म असलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. म्हणून सरांचा शेवटचा दिवस एकतीस मे. दुपारी हॉलमध्ये शाल झाली, फुलं झाली, साहेब दोन शब्द बोलले, त्या दोन शब्दांत ठपक्याचा उल्लेख नव्हता आणि बाकीही फारसं काही नव्हतं. सर बोलायला उठले आणि म्हणाले, "सबने संभाल लिया. शुक्रिया. जनवरी में अपना किताब पढ़ते जाओ." लोक हसले. त्यांनी खणाची किल्ली मला दिली. हिरव्या पेनाची डबी खणातच होती. मी ती त्यांच्यामागे धावत नेऊन देणार होते, मग म्हटलं, त्यांनी विसरून ठेवलेली नाही. ती अजून तिथेच आहे.

आता आमच्याकडे सर्व्हिस बुक संगणकावर गेलं आहे. जानेवारीत प्रत्येकाला एक निरोप येतो, 'माहिती बरोबर आहे' या चौकटीत टिचकी मारायची, झालं. मी माझ्या शाखेतल्या लोकांना अजून खुर्चीत बसवते आणि वाचून दाखवते. तेही चिडतात. सर देगलूरला असतात, गुढीपाडव्याला फोन करतात. पण डोळ्यांसमोर ते येतात ते त्या एकतीस मेच्या संध्याकाळचे.

साडेपाच वाजून गेले होते. शाल काखेत धरून सर जिन्याकडे निघाले आणि परत फिरले. जिन्याजवळच्या स्टुलावर लक्ष्मम्मा बसली होती, चार दिवसांपूर्वी रुजू झालेली, अजून जागा अंगवळणी न पडलेली. सर तिच्या शेजारच्या बाकावर टेकले आणि मला म्हणाले, "हिचं पुस्तक आणा. अंगठा तुमीच घ्या, माझं काम संपलं. मी फक्त वाचतो."

मी नवीन पुस्तक आणलं. सरांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून तेलुगूत सांगायला सुरुवात केली. नाव. गाव. अंगावरची खूण. ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. पुढची ओळ आली. नवऱ्याचं नाव, कैलासवासी यादय्या. अर्जदाराचं नातं, पत्नी. सर पुढच्या ओळीवर गेले तेव्हा तिने पुस्तकाच्या कडेवर हात ठेवला.

"मळ्ळी ओकसारि चदवंडि, सार," ती म्हणाली. पुन्हा एकदा वाचा.

सरांनी बोट मागे नेलं आणि ती ओळ पुन्हा वाचली, जिन्यातल्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.